नारूचें वाहन, माशांचा घास

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत देवगांव फाटा या नांवाचें एक ठिकाण आहे. जालन्याकडून येणारा रस्ता येथें फुटतो. एक वाट सेलूकडे जाते, दुसरी जिंतुराकडे. उतारू गाडी बदलतात, घोटभर चहा घेतात आणि आपापल्या वाटेला लागतात. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. अशा ठिकाणाचें नांव घेऊन समुद्रांतील माशांच्या अन्नाची गोष्ट सांगावयास लागणें कोणाला विनोदाचें वाटेल. मोठ्या शहरांतून कांचेच्या पेटींत खारें पाणी भरून रंगीबेरंगी मासे पाळण्याची हौस अलीकडे वाढली आहे, आणि त्या माशांना जिवंत खाद्य मिळावें म्हणून कांहीं मंडळी घरच्या घरीं एका सूक्ष्म जलचराची पैदास करतात. त्या जलचराचा आणि मराठवाड्याच्या काळ्या मातीचा संबंध काय? संबंध आहे, तो जुना आहे आणि कडूहि आहे. शहरांतला हौशी गृहस्थ आज जो प्राणी मुद्दाम वाढवितो, त्याच्याच गोड्या पाण्यांतील भाऊबंदांची पैदास या मुलुखांतल्या बारवांनीं शतकानुशतकें केली, आणि माणसें ते प्राणी नकळत पीत आलीं.

देवगांव फाट्याच्या आसमंतांत जुन्या बारवा पुष्कळ. जिंतूर तालुक्यांतील चारठाणा हें गांव प्राचीन मंदिरांकरितां प्रसिद्ध आहे. तेथें दगडी बारवहि आहे. सेलू तालुक्यांतील वालूरच्या बारवेच्या पायऱ्या सरळ न उतरतां शंखाप्रमाणें वळत वळत पाण्यापर्यंत जातात. पाहणाऱ्यानें बांधणाऱ्याचें कौतुक करीत उभें राहावें, असें तें काम आहे. नळाच्या पाण्यावर वाढलेल्या मंडळींस आड आणि बारव यांतील भेद येथेंच सांगून ठेवणें बरें. आड म्हणजे वरून पोहऱ्यानें शेंदावयाची विहीर; बारव म्हणजे पायऱ्यांनीं खालीं उतरून घागर बुडवावयाची विहीर. आडांत माणसाचा पाय पाण्याला लागत नाहीं, बारवेंत लागतो. या एवढ्याशा भेदांत पुढची सारी कथा आहे.

आतां त्या प्राण्याची ओळख. बारवेचें पाणी पांढऱ्या कांचेच्या पेल्यांत घेऊन उजेडांत धरलें, तर कधीं कधीं त्यांत बारीक पांढुरके ठिपके झटके देत हिंडतांना दिसतात. एकेक ठिपका खसखशीच्या दाण्याएवढा, कधीं त्याहूनहि लहान. प्राणिशास्त्रांत या वर्गाला कोपेपॉड म्हणतात. वल्हें आणि पाय अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचें हें नांव बनलें आहे. हा प्राणी पाय वल्ह्यांसारखे मारून पुढें उडी घेतो, म्हणून. खेकडा व झिंगा यांच्या गोतावळ्यांतलाच हा एक दूरचा नातलग. गोड्या पाण्यांत राहणाऱ्या त्याच्या एका कुळाला सायक्लॉप्स म्हणतात. ग्रीक पुराणांत कपाळावर एकच डोळा असलेले राक्षस आहेत. त्यांचेंच नांव या चिमुकल्या जीवाला मिळालें, कारण त्यालाहि डोक्याच्या मध्यभागीं एकच डोळा असतो. मराठींत त्याला एकाक्ष म्हणावयास हरकत नाहीं.

एकाक्षाची मादी ओळखणें सोपें आहे. तिच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंस अंड्यांची एकेक पिशवी लोंबत असते. कावड खांद्यावर घेऊन कोणी यात्रेकरू चालला आहे असें सूक्ष्मदर्शकाखालीं वाटतें. अंड्यांतून निघालेलें पिल्लूं आईबापांसारखें मुळींच दिसत नाहीं. तें अकरा वेळां कात टाकतें, तेव्हां कोठें पूर्ण वाढलेला प्राणी तयार होतो. आपल्याकडील उष्ण पाण्यांत हा सारा प्रवास दोनतीन आठवड्यांत उरकतो. म्हणजे एका उन्हाळ्यांत किती पिढ्या होत असतील त्याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

समुद्रांत तर या वर्गाचें साम्राज्यच आहे. पाण्याबरोबर तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत कोपेपॉडांची संख्या सामान्यतः सर्वांत मोठी भरते. भारतीय समुद्रांतील कोपेपॉडांवर सिमोर स्यूवेल यांनीं १९२९ ते १९३२ या काळांत मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला; ते त्या वेळीं भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक होते. हे जीव सूक्ष्म वनस्पति खातात आणि मासे यांना खातात. कोंकणांतून बाजारांत येणारा बांगडा बऱ्याच अंशीं यांच्याच जिवावर पोसलेला असतो. बांगड्याचें कालवण आवडीनें खाणाऱ्यानें या ठिपक्यांचे उपकार मानावयास हवेत.

परंतु बारवेंतल्या एकाक्षाचे उपकार मानण्याचें कारण मराठवाड्याला फारसें नव्हतें. तो नारूचें वाहन होता.

गांवगाड्यांत कारू-नारू असा जोडशब्द आहे, त्यांतला नारू निराळा; येथें बोलावयाचें तें रोगाविषयीं. जुन्या पिढीच्या आठवणींत तो अद्यापि आहे. आजच्या मुलांनीं शब्दहि ऐकला नसेल, आणि हें त्यांचें भाग्य होय. नारू म्हणजे दोनतीन फूट लांब, जाड दोऱ्यासारखा एक कृमि. तो माणसाच्या कातडीखालीं वाढतो. वर्षभर रोग्याला कांहींहि कळत नाहीं. मग एके दिवशीं बहुधा घोट्याजवळ किंवा पोटरीवर फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि त्यांतून पांढरें टोंक बाहेर डोकावतें. यावर औषध तेव्हांहि नव्हतें आणि आजहि नाहीं. बाहेर आलेलें टोंक बारीक काडीला गुंडाळावयाचें आणि रोज थोडा थोडा वेढा देत तो कृमि ओढून काढावयाचा, हाच उपाय. आठवडेच्या आठवडे जात. घाईनें ओढला आणि आंत तुटला, तर पाय सुजून पू धरी आणि माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळे. एकाच वेळीं दोन दोन, तीन तीन नारू निघालेले रोगी असत. एकदां होऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीं होणार नाहीं, अशीहि हमी नव्हती.

हा रोग फार पुराणा. इजिप्तमधील एका ममीच्या शरीरांत चुन्यासारखा कठीण झालेला नारू सांपडला आहे. अरब वैद्यांनीं त्याला मदिनेचा कृमि म्हटलें, आणि तेंच नांव लॅटिन रूपानें शास्त्रांत रूढ झालें. आपल्या आयुर्वेदांतील मध्ययुगीन ग्रंथांत त्याचा उल्लेख स्नायुक या नांवानें येतो. स्नायूच्या तंतूसारखा दिसतो म्हणून हें नांव. इतका जुना परिचय असूनहि हा कृमि शरीरांत शिरतो कसा, हें कोडें हजारों वर्षें सुटलें नाहीं. कोणी म्हणत, हा कृमिच नव्हे, सडलेली शीर आहे. कोणी म्हणत, तो चिखलांतून पायांत शिरतो. मुंबईंत १८५० च्या सुमारास हेन्री जॉन कार्टर या शल्यवैद्यानें तळ्यांतील सूक्ष्म कृमींचें बारकाईनें निरीक्षण केलें आणि तेच कातडींतून शिरून नारू होत असावेत असा तर्क बांधला. तर्क चुकला, पण रोगाचें मूळ पाण्यांत शोधावयाचें, ही दिशा बरोबर होती.

कोड्याची किल्ली सांपडली ती तुर्कस्तानांत. अलेक्सी फेदचेंको हा तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञ मध्य आशियांत प्रवास करीत होता. १८७० च्या सुमारास त्यानें नारूच्या सूक्ष्म अळ्या पाण्यांत सोडल्या, त्यांत एकाक्ष घातले आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत बसला. अळ्या एकाक्षाच्या शरीरांत जाऊन राहतात आणि तेथें वाढतात, असें त्याला आढळलें. मनुष्य पाण्याबरोबर असा एकाक्ष गिळतो आणि नारू पोटांत जातो, हें अनुमान त्यावरून निघालें. फेदचेंको १८७३ सालीं आल्प्स पर्वतांत मों ब्लांवर चढत असतां मरण पावला. तेव्हां त्याचें वय अवघें २९ वर्षांचें होतें.

पुढचा धागा पश्चिम आफ्रिकेंत जुळला. रॉबर्ट लायपर या ब्रिटिश संशोधकाला १९०५ सालीं गोल्ड कोस्टमध्यें, म्हणजे आजच्या घाना देशांत, याच कामासाठीं पाठविण्यांत आलें. जठरांतील आम्लासारखें सौम्य आम्ल पाण्यांत घातलें कीं एकाक्ष तत्काळ मरतो, पण त्याच्या पोटांतली अळी मरत नाहीं. उलट ती जोरानें हालचाल करूं लागते, असें त्यानें दाखविलें. बाधित एकाक्ष त्यानें एका माकडाला खाऊं घातले आणि सहा महिन्यांनीं माकडाच्या शरीरांत वाढत असलेले नारू त्याला मिळाले. मुंबईस परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन यांचें नांव मिळालें, तेथेंहि तुरखुड यांनीं १९१० नंतरच्या कांहीं वर्षांत नारूवर काम केलें. दख्खनमध्यें हिंडून नारूची पाहणी करणारे स्वीडिश डॉक्टर लिंडबर्ग यांनीं तर एकाक्षांच्या जातींचाच व्यासंग केला. रोगाच्या मागें लागून वाहनाच्या प्रेमांत पडलेला असा मनुष्य विरळा.

आतां बारवेकडे वळावें. फोडाची आग होऊं लागली कीं रोग्याला पाय थंड पाण्यांत बुडवावासा वाटतो, आणि बारवेची पायरी तर समोरच असते. पाण्याचा स्पर्श होतांच मादी नारू लक्षावधि अळ्या पाण्यांत सोडते. त्या अळ्या तशा दुबळ्या. कांहीं दिवसांत एकाक्षानें खाल्ल्या नाहींत तर मरून जातात. खाल्ल्या, तर दोन आठवड्यांत एकाक्षाच्या पोटांत पुढच्या मुक्कामाला योग्य होतात. दुसरी एखादी बाई येते, घागर बुडविते आणि घरीं नेते. आडाच्या पाण्यांत कोणी पाय घालीत नाहीं, म्हणून आडाचें पाणी पिणाऱ्याला नारू सहसा होत नसे. एकाक्ष आडांतहि असे. त्याच्याजवळ नारू नसे, एवढेंच.

ऋतूचा मेळ तर एखाद्या कपटी कारस्थान्यानें बसवावा तसा बसला होता. फाल्गुन-चैत्रापासून बारवेचें पाणी खालीं जाऊं लागतें. पाणी थोडें, ऊन पुष्कळ, हिरवें शेवाळ दाट. एकाक्षांची गर्दी याच वेळीं सर्वांत अधिक. याच वेळीं गांवांत नारू बाहेर पडत, आणि याच वेळीं माणसें तळाशीं उरलेलें गढूळ पाणी पीत. शरीरांत कृमीची वाढ पुरी व्हावयास सुमारें वर्ष लागतें, म्हणून या वर्षीं पाण्याबरोबर घेतलेला नारू पुढच्या वर्षीं त्याच ऋतूंत बाहेर येई आणि त्याच बारवेंत उतरे. मृगाच्या तोंडावर पेरणीची घाई आणि घरचा कर्ता पुरुष पायाला काडी बांधून ओसरीवर! किती घरांच्या पेरण्या यामुळें बुडाल्या असतील. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि खेड्यापाड्यांतून पाण्याची अन्य सोय म्हणावी अशी नव्हतीच. बारवेंत नारू आहे हें कळलें असतें तरी जावयाचें कोठें?

पाणी गाळून प्यावें, हा दंडक आपल्याकडे नवा नाहीं. वस्त्रानें गाळलेलें पाणी प्यावें असें स्मृतिकारांनीं सांगितलें आहे आणि जैन कुटुंबांत तो नियम कसोशीनें पाळतात. नियम होता, मग रोग राहिला कसा? विरलेल्या लुगड्याच्या एकेरी पदरांतून एकाक्ष सहज निसटतो, हें एक कारण. घरीं गाळून पिणारा माणूस शेतावर तहान लागली कीं ओंजळीनें पितो, हें दुसरें. धर्मानें सांगितलें तें पुण्यासाठीं; तें किती बारीक कापडानें आणि कोठें कोठें करावयाचें, हें सांगावयास शास्त्रज्ञ यावा लागला.

तरीहि या कथेंत एक उपाय असा येतो कीं तो ऐकून मत्स्यपालकाला आनंद व्हावा. म्हैसूर संस्थानांतील चित्रदुर्ग जिल्ह्यांत मूर्ती आणि स्वीट या दोघांनीं पायऱ्यांच्या विहिरींत लहान मासे सोडून पाहिले. ओढ्यानाल्यांत सांपडणारे बार्बस व रास्बोरा या कुळांतले, बोटाएवढे, गांवांतल्या पोरांच्या ओळखीचे मासे ते. माशांनीं एकाक्षांवर ताव मारला. १९३६ सालीं या दोघांनीं आपला निबंध प्रसिद्ध करून नारूवर हा जैविक उपाय सुचविला. विष नको, यंत्र नको. ज्याचें जें अन्न तें त्याला मिळालें कीं माणसाचा रोग टळतो, असा तो सरळ विचार. मग हा उपाय सर्वत्र कां चालला नाहीं? उन्हाळ्यांत विहीर आटली कीं मासे मरणार, पावसाळ्यांत पुन्हां कोणी तरी आणून सोडावयास पाहिजेत, आणि पोरांच्या गळापासून त्यांना वांचवावयास पाहिजे. हजारों गांवांत दर वर्षीं हें करणार कोण? कल्पना उत्तम, पण ती चालविणारा हात पाहिजे. तो त्या काळीं नव्हता.

तो हात पुढें आला. भारत सरकारनें १९८३-८४ मध्यें नारूनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पहिल्या शोधांत सात राज्यांतील बारा हजारांहून अधिक गांवांत मिळून सुमारें ४०,००० रोगी आढळले. त्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. घरोघर फिरून रोगी शोधावयाचे, जखमेला पट्टी बांधून त्याला पाण्यांत उतरूं द्यावयाचें नाहीं, पाणी दुहेरी कापडानें किंवा बारीक नायलॉनच्या जाळीनें गाळावयास लावावयाचें, बारवांच्या पायऱ्या बंद करून त्यांचे आड बनवावयाचे, हातपंप बसवावयाचे, आणि पाण्यांत टेमेफॉस हें एकाक्ष मारणारें औषध दर लिटरास एक मिलिग्रॅम या बेतानें घालावयाचें, असा तो एकंदर कार्यक्रम होता. लस नाहीं, गोळी नाहीं. कापडाच्या तुकड्यानें आणि कार्यकर्त्यांच्या पायपिटीनें एवढा मोठा रोग हटविला. भारतांतला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यांत आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें. १९८० नंतरच्या दशकांत जगांत दर वर्षीं लाखों लोकांना होणारा हा रोग २०२१ पासून वर्षाला वीसहून कमी माणसांना झाला आहे, आणि तीं बहुतेक आफ्रिकेंतलीं. तेथें आतां कुत्र्यांमध्यें नारू आढळूं लागल्यामुळें शेवटचें पाऊल जड झालें आहे.

या विजयाची एक बाजू मात्र बारवेच्या वांट्याला आली. ती रोगाचें घर ठरली. कोठें पायऱ्यांवर भिंत आली, कोठें कचरा टाकण्याची जागा झाली. नळ आल्यावर तिची आठवणहि राहिली नाहीं. पाण्याला पाय लावणाऱ्या रोग्याची, त्याला दुसरें पाणी न देणाऱ्या राज्याची आणि बारवेची अशी अपराधाची वांटणी केली, तर बारवेकडे सर्वांत थोडा भाग येतो. अलीकडच्या वर्षांत गांवकरी पुन्हां जागे झाले आहेत. वालूरची बारव लोकांनीं २०२१ च्या सुमारास गाळ काढून स्वच्छ केली. अशा वेळीं जुनी माणसें नारूच्या भीतीनें मान हलवितात. ती भीति आतां धरावयास नको. स्वच्छ केलेल्या बारवेच्या पाण्यांत एकाक्ष आजहि असतील, उद्यांहि असतील. देशांतून गेला तो त्यांच्या पोटांतला नारू. वाहन उभें आहे, उतारू संपला आहे. अर्थात् बारवेचें पाणी तसेंच पिऊं नये, कारण पाण्यांतून येणारे दुसरे रोग कोठेंहि गेलेले नाहींत.

एकाक्षाची दुसऱ्या देशांत झालेली कीर्ति ऐकली, तर मराठवाड्यांतला वृद्ध चकित होईल. व्हिएतनाममध्यें त्याला घरांत मुद्दाम पाळलें. डेंग्यूचा डास घराघरांतल्या पाण्याच्या रांजणांत अंडीं घालतो. मेसोसायक्लॉप्स ही एकाक्षांतली मोठ्या चणीची जात डासांच्या नुकत्या निघालेल्या अळ्या धरून खाते. १९९० नंतर तेथील शास्त्रज्ञ वू सिन्ह नाम आणि ऑस्ट्रेलियाचे ब्रायन के यांनीं गांवकऱ्यांच्या मदतीनें हे प्राणी वाढवून रांजणांत, हौदांत सोडले. फान बोइ या गांवांतून तो डास नाहींसा झाला, आणि नंतर अनेक गांवांत हाच प्रयोग यशस्वी झाला. व्हिएतनाममध्यें त्या काळीं नारू नव्हता, म्हणून हें करतां आलें. तोच प्राणी त्याच काळांत राजस्थानांत औषध घालून मारला जात होता. प्राणी एकच, एका गांवीं तो पहारेकरी, दुसऱ्या गांवीं चोराचा साथीदार.

राहिली समुद्रांतील माशांची गोष्ट. मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, आणि जिवंत समुद्री मासे कांचेमागें पाहण्याचा योग सामान्य माणसाला आला. मोठ्या माशाला कोळंबीचे तुकडे चालतात. अडचण येते ती नुकत्या जन्मलेल्या पिल्लांची. गोड्या पाण्यांतल्या पुष्कळ माशांचीं पिल्लें अंड्यांतून निघतांनाच थोडीं मोठीं असतात. समुद्री माशांचीं बहुतेक पिल्लें इतकीं इवलीं कीं तोंड म्हणजे सुईचें टोंक. १९३० नंतरच्या दशकांत खाऱ्या सरोवरांतील आर्टेमिया या प्राण्याच्या पिल्लांचा माशांच्या पिल्लांना खाद्य म्हणून उपयोग सुरू झाला. त्याचीं सुकीं अंडीं डब्यांत वर्षानुवर्षें टिकतात, ही मोठी सोय. परंतु तीं पिल्लेंहि अनेक माशांच्या तोंडांत मावत नाहींत. कोपेपॉडाचें पिल्लूं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढें किंवा त्याहूनहि लहान असतें. शिवाय माशाच्या मेंदूच्या व डोळ्यांच्या वाढीला लागणारी स्निग्ध द्रव्यें त्यांत भरपूर असतात, आणि त्याच्या झटक्याझटक्याच्या चालीनें पिल्लाची शिकारी नजर लगेच वेधली जाते. निसर्गानें माशाच्या बाळाला दिलेला पहिला घास हाच.

म्हणून जपानांत टिग्रिओपस या जातीची पैदास १९७० नंतर मोठ्या प्रमाणावर केली गेली. डेन्मार्कमध्यें अकार्टिया या जातीचा वंश प्रयोगशाळेंत १९८१ पासून पिढ्यान् पिढ्या राखला गेला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें केरळांत विझिंजम येथें भारतीय किनाऱ्यावरील कोपेपॉड वाढविण्याचें काम केलें आहे. प्रयोगशाळेंतून ही विद्या हौशी माणसाच्या घरीं उतरली, याला कारण मँडरिनसारखे मासे. निळ्या-नारिंगी नक्षीचा हा मासा सुक्या खाद्याकडे बहुधा ढुंकूनहि पाहत नाहीं. तो दिवसभर दगडांवरून चिमुकले जिवंत प्राणी वेंचीत असतो. नव्या पेटींत कोपेपॉड नसले, तर हा देखणा पाहुणा कांहीं आठवड्यांत उपासमारीनें मरतो, आणि मालकाला वाटतें, रोग झाला.

घरीं पैदास करणें फार खर्चाचें नाहीं, चिकाटीचें आहे. नवख्यानें तरंगणाऱ्या जाति सोडून दगडाशेवाळावर सरपटणाऱ्या टिग्रिओपससारख्या काटक जातीपासून आरंभ करावा. भरतीचें पाणी खडकांच्या खळग्यांत अडकतें, उन्हानें तापतें, आटून अधिक खारट होतें, पावसानें पुन्हां सौम्य होतें. असल्या डबक्यांत पिढ्या काढलेला हा प्राणी माणसाच्या चुका पुष्कळ सोसतो. समुद्रापासून दूर राहणाऱ्यानें मत्स्यपालनाचें मीठ शुद्ध पाण्यांत विरघळवून खारें पाणी करावें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं, कारण समुद्राच्या पाण्यांत मिठाशिवाय इतर अनेक क्षार असतात. मराठवाड्यांतील बोअरचें जड पाणी तसेंच वापरूं नये. पंधरावीस लिटरचें पसरट भांडें, मंद बुडबुडे सोडणारी हवेची नळी, सावलीची जागा आणि खाद्य म्हणून हिरवें सूक्ष्म शेवाळ एवढें पुरतें. पाण्याला किंचित् हिरवट छटा येईल इतकेंच शेवाळ घालावें. ती छटा गेली कीं पुन्हां घालावें. बहुतेक पैदाशी उपासानें मरत नाहींत, लाडानें मरतात. जास्त झालेलें खाद्य तळाशीं कुजतें आणि एका रात्रींत सारें संपतें. यासाठीं भांडीं दोन ठेवावीं आणि एकाची नळी, एकाचा पेला दुसऱ्यांत घालूं नये. तशा चुकीनें रोटिफर नांवाचे दुसरे सूक्ष्म जीव शिरले, तर ते भराभर वाढून कोपेपॉडांचें अन्न फस्त करतात.

तीनचार आठवड्यांनीं भांड्याच्या भिंतीवर ठिपके दाटले कीं काढणी करावी. एका वेळीं चौथाईहून अधिक पाणी काढूं नये. तें बारीक नायलॉनच्या जाळींतून ओतलें कीं मोठे प्राणी वर राहतात आणि पिल्लें खालीं जातात. मोठे पेटींतल्या माशांना द्यावे, पिल्लांचें पाणी पुन्हां भांड्यांत सोडावें. या कामाला लागणारी जाळी मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाच्या छिद्रांची असते. नारूच्या दिवसांत घागरीच्या तोंडावर बांधावयास खेड्यापाड्यांतून वांटलेली जाळीहि साधारण याच मापाची होती.